उम्म नबरासचा फ्रीझर

बगदादच्या सिनाआ रस्त्यावर गझवान जब्बारने एखादं मशीन ठीक आहे असं म्हटलं, की दुसऱ्या कोणाचं मत घ्यायला कोणी जात नसे. जिन्याच्या वळणावर त्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, एक पंखा आणि भिंतीला लागून रचलेल्या उघड्या कॅबिनेटी. कॉलेजातली पोरं काखेत कॉम्प्युटर मारून यायची, त्याला अम्मो, म्हणजे काका म्हणायची, आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, "अम्मो, गेम अडकतो. पळत नाही, रांगतो. याला जरा उडव." समोरच्या दुकानदाराने लगेच नवं ग्राफिक्स कार्ड काढून दाखवलं असतं. गझवान आधी कॅबिनेट उघडायचा आणि नाक मुरडायचा. "याच्यात काय गहू पेरणार आहेस? केवढी ही माती!" मग हवेचा फवारा मारून धूळ काढायचा, प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट खरवडून नवी लावायचा, एका रॅमशेजारी दुसरी बसवायचा, गेम जुन्या डिस्कवरून उचलून एसएसडीवर टाकायचा. बहुतेकांचं तेवढ्यात भागायचं. कार्ड लागणारच असेल, तर तो आधी विचारायचा, "घरी जनरेटरची लाइन किती अँपिअरची आहे?" पोरगा गोंधळला की म्हणायचा, "जा, आईला विचारून ये. तुझ्या गेमपायी तिचा कूलर बंद पडायला नको."

हे शहाणपण त्याने कुठल्या वर्गात बसून मिळवलं नव्हतं. तो तरुण होता ती निर्बंधांची वर्षं. नवं काही देशात येत नव्हतं, तेव्हा जुनं मरू द्यायचं नाही, एवढंच त्या पिढीचं शिक्षण. मेलेल्या रेडिओतून त्याने टीव्ही जिवंत केले, टीव्हीतून कॉम्प्युटर. खेळणं मात्र त्याच्या वाट्याला कधी आलं नाही. लहानपणी चुलत्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, पण तिथे जॉयस्टिकचा दांडा एक आणि चुलतभावंडं ढीगभर. याचा नंबर लागायला आणि बापाने "चला घरी" म्हणायला एकच गाठ पडायची. पुढे सैन्य, मग लग्न, मग दोन मुली. मुलींची लग्नं झाली, घर रिकामं झालं, आणि एके दिवशी एका गिऱ्हाइकाचं मशीन तपासताना त्याने पाच मिनिटं म्हणून गेम लावला. गिऱ्हाईक मागे येऊन खाकरलं तेव्हा साहेब भानावर आले. मग वेड असं काही लागलं की विचारू नका.

आता यात चोरण्यासारखं काय होतं, असं तुम्ही म्हणाल. पण पन्नाशीला टेकलेला, दोन जावई असलेला माणूस. गल्लीत भांडण झालं की मधे पडायला ज्याला बोलावतात असा. त्याने कानाला हेडफोन लावून बंदुका उडवत बसायचं? त्याची त्यालाच लाज वाटायची. म्हणून त्याने बाहेरची पाहुण्यांची खोली धरली, आतून कडी घातली आणि बायकोला सांगितलं, "गिऱ्हाइकाची मशीनं तपासायची असतात. धूळ आत येता कामा नये." दुपारी जेवण उरकून अख्खी गल्ली आडवी झाली, की हा आत. इंटरनेटवर त्याचं नाव होतं 'लांडगा'. त्याच्या टोळीत बसराचा एक, मोसुलचा एक आणि नजफचा एक, तिघंही मिसरूड फुटलेली. ती तोंडाने ओरडून खेळायची, हा मात्र टाइप करून उत्तर द्यायचा. आवाज ऐकला असता तर वय कळलं असतं. "लांडग्या, तुझा माईक कधी दुरुस्त होणार रे?" असं ती विचारायची. साऱ्या बगदादची मशीनं दुरुस्त करणाऱ्याचा माईक दोन वर्षं बिघडलेला होता!

त्या उन्हाळ्यात जर्मनीला निघालेल्या एका गिऱ्हाइकाने आपलं मोठं ग्राफिक्स कार्ड गझवानला विकलं. असलं कार्ड त्याने दुसऱ्यांच्या मशीनमध्ये कितीदा बसवलं होतं. आपल्या मशीनमध्ये बसवताना मात्र त्याने दाराची कडी दोनदा तपासली. मशीनला वीज पुरवणारा जुना एसएमपीएस त्याला पुरला नसता, म्हणून तोही मोठा टाकला. गेम सुरू केला आणि त्याला हसूच आलं. आजवर जे ठिगळाठिगळाने दिसायचं, ते सलग वाहायला लागलं. भिंतीमागून शत्रूचा खांदा बाहेर यायच्या आत याची गोळी सुटायची. टोळी एका स्पर्धेत उतरली होती. सामने दुपारीच असायचे, आणि ही पोरं पहिल्यांदाच दुसऱ्या फेरीपुढे गेली.

सगळ्यांना विचारायचा तो प्रश्न या माणसाने स्वतःला विचारला नाही.

गल्लीतल्या मोठ्या जनरेटरवरून घरोघर अँपिअरने मोजून विकत वीज यायची, आणि ती लाइन त्याच्या एकट्याची नव्हती. घरामागच्या अंगणातल्या दोन खोल्यांत उम्म नबरास भाड्याने राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नबरास स्वीडनमध्ये; त्याची आई म्हणून ती उम्म नबरास. ती घरी कुब्बा म्हणजे खिमा भरलेले गोळे आणि बुरेक म्हणजे सारण भरलेल्या वळकट्या करून विकायची. जवळच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिका तिच्याकडून महिन्याचा साठा न्यायच्या, रमजानात तर रांग लागायची. हा सगळा धंदा उभा होता तो तिच्या खोलीतल्या एका पांढऱ्या उभ्या फ्रीझरवर. दोन्ही घरांत मिळून जनरेटरची एक लाइन आणि खांबावरच्या फळीवर एकच ब्रेकर. सरकारी वीज गेली की दोन कूलर, एक फ्रिज, एक फ्रीझर आणि पंखे तेवढ्यात कसेबसे बसायचे. त्यात आता नवं कार्ड आलं. गेममध्ये जरा धुमश्चक्री उडाली की ते घटाघटा वीज प्यायचं आणि खांबावर ब्रेकर खाली पडायचा.

जनरेटर चालवायचा अबू दहाम. पोट मोठं, राग त्याहून मोठा. ब्रेकर पडला की भर उन्हात चपला फटफटवत खांबापर्यंत यायचा आणि दांडी वर करून जायचा. आठवडाभर हे झाल्यावर त्याचा संयम सुटला. त्याने गल्लीच्या मधोमध उभं राहून आवाज लावला.

"कोणी घरात लोखंडाचा कारखाना काढलाय रे? माझं जनरेटर आहे ते, धरणावरची वीज नाही!"

दारं उघडली. झोपमोड झालेली, घामाघूम माणसं बाहेर आली. गझवानची बायको सुहाद डोक्यावर ओढणी सारखी करत म्हणाली, "अबू दहाम, आम्ही काय करणार? आमच्याकडे काही नवीन नाही. तोच कूलर, तोच फ्रिज."

"मग मागे काय आहे?"

"मागे उम्म नबरासचा फ्रीझर आहे," कुणीतरी म्हणालं.

उम्म नबरास पुढे आली. हाताला पीठ लागलेलं तसंच. "अरे बाबा, माझा फ्रीझर कधीचा आहे. आजवर त्याने कुणाला त्रास दिला?"

"जुना आहे म्हणूनच म्हणतोय मी," अबू दहाम म्हणाला. "जुनी यंत्रं म्हाताऱ्या सासूसारखी. खातात जास्त, काम कमी. कशाला वाद घालायचा? अबू रफल, तू आहेस ना जाणकार? जा, लाव मीटर आणि सांग. तू म्हणशील ते खरं."

थोरली मुलगी रफल, म्हणून गझवानला गल्लीत अबू रफल म्हणत. तो तेव्हा हेडफोन काढून, खोलीला कुलूप घालून नुकताच बाहेर आला होता. त्याने वायरीतली वीज मोजायचा चिमट्याचा मीटर आणला. पाच-सात माणसं मागोमाग उम्म नबरासच्या खोलीत शिरली. फ्रीझरवर धुतलेला, इस्त्रीचा रुमाल अंथरलेला. त्याने वायरीला चिमटा लावला. आकडा दिसला तो इतका किरकोळ, की त्याने चिमटा काढून परत लावला. फ्रीझर ठणठणीत होता. तेव्हा तोंड उघडून खरं बोलला असता तर हसं झालं असतं, आणि बस, संपलं असतं. त्याच्या डोळ्यांपुढे कडी घातलेली खोली आली. जावई आले. पुढच्या दुपारचा सामना आला, आणि त्या वेळी सरकारी वीज नसणार हे त्याला ठाऊक होतं.

"खाला," तो म्हणाला, "याचं आता वय झालं. कॉम्प्रेसर सुरू होताना फार ओढतो."

यातलं अर्धं खरं होतं. कुठलाही कॉम्प्रेसर सुरू होताना जरा ओढतोच. अर्धं खरं होतं म्हणूनच ते त्याच्या जिभेवरून इतकं सहज उतरलं.

उम्म नबरासने फ्रीझरच्या दारावर हात ठेवला. "असं म्हणतोस?"

"असंच दिसतंय."

"मग असंच असेल," ती म्हणाली. कुणाकडेही न बघता तिने तो रुमाल उचलून घडी घातली.

दोन दिवसांनी भंगारवाल्याच्या गाडीवर फ्रीझर चढला. त्याच संध्याकाळी ती गझवानच्या दारात आली. हातात कुब्ब्यांनी भरलेली परात, फ्रीझर रिकामा करताना उरलेले. "घ्या, खाऊन टाका, नाहीतर खराब होतील," ती सुहादला म्हणाली. "इतके दिवस माझ्यामुळे तुमची झोपमोड झाली. गल्लीत तुमच्या दाराशी तमाशा झाला. मनात ठेवू नका हो." गझवान आत ताटावर बसला होता. सुहादने त्याच्या पानात चार कुब्बे वाढले. त्याने एक उचलला आणि न चावताच परत ठेवला. पोट दुखतंय म्हणून तो पानावरून उठला.

पण शरम वाटणं वेगळं आणि खेळ सोडणं वेगळं. दुसऱ्या दुपारी तो परत कडी घालून बसलाच. ब्रेकर पडला नाही. त्या आठवड्यात एकदाही पडला नाही. शेवटच्या फेरीच्या आधीचा सामना त्यांनी असा जिंकला, की बसराचा पोरगा आनंदाने रडायच्या बेताला आला.

"लांडग्या! वल्लाह, आज तू उडत होतास! एकदाही अडकला नाहीस. काय बदललंस रे? कार्ड तर तेच आहे ना?"

काय बदललं होतं? एका बाईच्या खोलीतून एक फ्रीझर गेला होता. त्याने आयुष्यात कितीतरी मशीनं वाढवली, पण या शेवटच्या वाढीची किंमत कुणी भरली हे फक्त त्यालाच माहीत होतं. गझवानने गेम बंद केला. पोरांना वाटलं, याचं इंटरनेट गेलं.

तरी तो बोलला नाहीच. माणूस किती दिवस स्वतःची समजूत घालू शकतो, याला काही मर्यादा नसते. फ्रीझर खरंच जुना होता, आज ना उद्या गेलाच असता. मी काही विक म्हणालो नव्हतो. मी काय चोरी केली? असं तो दुकानात मनाशी घोकायचा, आणि एखादा पोरगा "अम्मो, तुम्ही सांगाल तसं" म्हणाला की त्याच्याकडे बघायचं टाळायचा.

मग एका दुपारी जेवताना सुहाद म्हणाली, "उम्म नबरासला काहीतरी समजवा हो. ती कूलरही लावत नाही दुपारचा."

"का? बिघडलाय?"

"बिघडतोय कशाला! घाबरते ती. म्हणते, परत ब्रेकर पडला तर लोक म्हणतील, म्हातारीने अजून काही लपवलंय. खिडकीशी हातपंखा घेऊन बसते. शाळेच्या शिक्षिकांना नाही म्हणून आली. ताजं करून किती करणार एकटी? आज गेले तर तोंड लालबुंद झालेलं. मी म्हटलं, खाला, लाव ना कूलर. तर मलाच म्हणते, तुझ्या नवऱ्याला दुपारी मशीनं तपासायची असतात, त्याची वीज जायला नको."

गझवानच्या हातातली भाकरी ताटात पडली. म्हणजे गेम इतका सुरेख का वाहत होता, तर नुसता फ्रीझर गेला म्हणून नव्हे. ती उन्हाळ्यात हातपंख्यावर बसली होती, ती याच्यासाठी. आणि तो बायकोसमोर, भरल्या पानावर, हुंदके देऊन रडला.

सुहाद घाबरली. "अहो, काय झालं? कोणी गेलं का?"

त्याने सगळं सांगितलं. खोली, हेडफोन, लांडगा, कार्ड, मीटरचा आकडा. ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने आधी ओढणीआड मोठा श्वास सोडला.

"गेम? दोन वर्षं कडी लावून तुम्ही गेम खेळत होतात? मी समजत होते, तुम्ही फोनवर दुसरी शोधलीत. आईला सांगून बसलेय मी तसं!"

"सुहाद..."

"दुसरी असती तर परवडलं असतं. लोकांपुढे सांगता तरी आलं असतं." आणि मग तिचा चेहरा बदलला. "आणि त्या बाईने माफी मागितली माझी. या दारात उभी राहून. मी तिला म्हटलं, माफ केलं! तुम्ही आत बसून ऐकत होतात?"

"हो."

"उठा," सुहाद म्हणाली. "माझ्यासमोर रडू नका."

कार्ड दुसऱ्याच दिवशी विकलं गेलं. त्यातून त्याने नवा फ्रीझर घेतला, चांगल्यातला चांगला. शेवटचा सामना तीन पोरांनी लांडग्याशिवाय खेळला आणि हरली. पण नुसता फ्रीझर नेऊन ठेवला म्हणजे भागत नाही, हे गझवानला कळत होतं. दोष भरगल्लीत ठेवला होता, तो भरगल्लीतच उचलायला हवा होता. रीत होती, आणि रीत त्याला चांगली ठाऊक होती. इतरांच्या भांडणांत त्यानेच ती कितीदा पाळायला लावली होती. सोबत एक वडीलधारा घ्यायचा, ज्याचा अपराध केला त्याच्या घरी जायचं. यजमान चहा पुढे करतो. तो पेला समोर ठेवायचा आणि हात लावायचा नाही. म्हणायचं, माझं मागणं मान्य करशील तरच पिईन. पाहुण्याचा चहा गार होऊ देणारं घर त्याने आजवर पाहिलं नव्हतं. घरवाला कितीही रागावलेला असो, शेवटी म्हणतोच, पी बाबा, दिलं तुला.

सोबतीला त्याने अबू दहामला घेतलं. खरं कारण ऐकून अबू दहाम पोट धरून हसला. "तू? बंदुका? अरे, सैन्यात तर तू स्वयंपाकघरात होतास!" मग हसू आवरून म्हणाला, "मीच तिला म्हाताऱ्या सासूवरून बोललो. येतो मी."

शुक्रवारी नमाजानंतर फ्रीझर आला. हमाल दोघे, पुढे अबू दहाम, मागे गझवान. मोठं खोकं बघून शेजारीपाजारी आपसूक जमले. अंगणात नारिंगाच्या झाडाखाली उम्म नबरासने बाज टाकली होती. सुहाद आधीच तिच्याशेजारी येऊन बसलेली.

"हे काय आणलंस रे?" उम्म नबरास म्हणाली.

गझवान उभाच राहिला. शेजाऱ्यांकडे तोंड करून बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण मान वर होईना. "खाला, तुझा फ्रीझर चांगला होता. मीटरवर मला दिसलं होतं. वीज मी ओढत होतो. माझ्या खोलीत... मी कॉम्प्युटरवर गेम खेळतो. त्याला मोठं कार्ड बसवलं होतं. सगळ्यांसमोर मी खोटं बोललो, म्हणून सगळ्यांसमोर सांगतोय."

मग दाराशी कुणीतरी फिस्सकन हसलं आणि त्याबरोबर सगळेच हसत सुटले. "अबू रफल आणि गेम!" "कितव्या फेरीत आहेस रे?" बायकांनी ओढण्या तोंडाशी धरल्या. गझवानला हे हसणं आधी ऐकू आलं असतं तर जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं असतं. आता ते त्याला हलकं वाटलं. तो उम्म नबरासकडे बघत होता. ती हसत नव्हती.

तिने हमालांना फ्रीझर कुठे ठेवायचा ते दाखवलं. मग ती आत गेली आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. हमालांना दिला. अबू दहामला दिला, त्याच्या पेल्यात साखर जास्त घालून. सुहादला दिला. दाराशी उभ्या शेजाऱ्यांना आत बोलावून दिला. ट्रे रिकामा झाला. ती बाजेवर बसली.

अबू दहामचा पेला ओठांपाशी थांबला. त्याने ट्रेकडे पाहिलं, गझवानकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला. "उम्म नबरास," तो हलकेच म्हणाला, "याला विसरलीस."

"विसरले नाही," ती म्हणाली.

गझवानला काय करावं कळेना. चहा न पिण्यासाठी आधी तो समोर तर यायला हवा.

"अरे गझवान," उम्म नबरास म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "इतकी वर्षं रोज सकाळी मी त्या फ्रीझरला हात लावत होते. तो कसा चालतोय, हे माझ्या हाताला कळायचं. तू म्हणालास तो जुना झाला, तेव्हाही हात मला सांगत होता की नाही झाला. पण तू सांगितलंस ना! मग मी माझ्या हातालाच खोटं ठरवलं. रात्रंदिवस वाटत राहिलं, आता मला काही समजेनासं झालंय. नबरासला फोनवर म्हटलं, तुझी आई म्हातारी झाली, तिला आता कशातलं काही कळत नाही."

तिने नव्या फ्रीझरकडे पाहिलं. "फ्रीझर ठेव. तो मला लागतो. पण हे तू परत कसं आणून देणार?"

बस असं गझवानला कोणी म्हटलं नव्हतं, म्हणून सगळ्यांचा चहा पिऊन होईपर्यंत तो तसाच उभा राहिला.